बस वळायची ती जागा

गॅसवर लापशी ठेवली होती, तेवढ्यात दार वाजलं. दारात शेजारच्या वर्नाबाई, बुटांवरचा बर्फ झटकत.

"निघाले गं मी. आणि लापशी लागतेय तुझी."

वर्नाबाईंनी उभं आयुष्य शाळेची बस चालवली. शेवटच्या शेतापाशी पोरं चढली, की समोर रॉकीचे पांढरे डोंगर दिसायचे आणि बाई तिथूनच बस वळवायच्या, कारण शाळेची घंटा थांबत नसे. डोंगर त्यांनी पाहिले ते बहुतेक मागच्या आरशात. आता निवृत्त झाल्यावर त्या बॅन्फपासून जॅस्परपर्यंत, त्याच डोंगरांमधून, बर्फातून, गाडी घेऊन एकट्याच निघाल्या होत्या.

"एवढ्या थंडीत एकट्या?" मी म्हटलं.

"मग बसभर पोरं नेऊ? निदान मागे कुणी ओकणार तरी नाही!"

मी हसले, पण क्लिंट आठवला. हा त्यांचा मुलगा, गाडी त्याच्याच नावावर. शनिवारी आई परतली नाही तर गाडी विकणार, असं त्याने बजावलं होतं, आणि खबर द्यायचं काम माझ्याकडे दिलं होतं. त्या रस्त्यावर फोन लागत नाही. बर्फाचा कडा कोसळला की रस्ता दिवसभर बंद राहतो, आणि माणसं लॉजमध्ये निवांत पत्ते खेळत बसतात.

बाईंनी इंजिन गोठू नये म्हणून लावलेल्या हीटरची वायर भिंतीवरच्या प्लगमधून काढून गुंडाळली, काच पुसली आणि खुशीत आत बसल्या. मग काच खाली करून म्हणाल्या, "शनिवारी मी आले नाही, तर रविवार संध्याकाळपर्यंत क्लिंटला फोन करू नकोस."