तिसरी ताडपत्री

भुताखेतांवर माझा विश्वास असता, तर मी देवरीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलंच नसतं. बंद पडलेली वस्तू उघडायची, आत दोष सापडतोच... आजवरचा अनुभव हाच. ही एकच गोष्ट उघडून बसलोय आणि आत काही सापडत नाही, म्हणून इथं लिहितोय.

आधी माझा हलकटपणा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडे. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, गावात नाटक असतं. मागच्या मंडईत मी राजा आणि माझा धाकटा चुलतभाऊ बंडू पडद्यामागे प्रॉम्प्टर. पाठांतर मी केलं नव्हतं. आमच्याकडे कोण करतं? प्रॉम्प्टर आहे ना! तर भर दरबारात बंडूचा आवाज बंद. मी तलवार उपसून उभा... एक मिनिट... दोन मिनिटं... शेवटी मीच विचारलं, "बोल प्रधाना, काय म्हणतोस?" प्रधान म्हणाला, "महाराज, आपनच बोलून राहिले होते ना!"

अख्खा मंडप लोळला. बंडूच्या टॉर्चचा सेल गेला म्हणे! गावात मी अजून "मुके महाराज" आहे. तेव्हाच ठरवलं — याला रडवल्याशिवाय सोडायचं नाही.

संधी जानेवारीत आली. दुपारी बंडूचा फोन.

"भाऊ, आभाळ लय भरून आलं. माहं पुंजनं उघडंच आहे. गावात ताडपत्री भेटून नाही राहिली. देवरीहून एक आन ना बापा, पाया पडतो."

पुंजणं म्हणजे कापलेल्या धानाची गंजी. मळणी व्हायची होती, आणि सहा माणसांचं वर्षाचं खाणं त्यात होतं. शेजारच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, माझंही पुंजणं तसंच उघडं.

"आनतो ना बे, काऊन घाबरतं?" मी म्हणालो. आणि दोन निळ्या ताडपत्र्या घेतल्या — दोन्ही माझ्या पुंजण्यासाठी. एकीवर एक. बंडूला सांगणार होतो, संपल्या.

निघालो तो पाऊस लागला, आणि जंगलात शिरलो तशा गारा. हेल्मेटवर कोणी मूठभर गिट्टी फेकावी तशा. त्या रस्त्यावर एका मोहाच्या झाडाखाली दगडांचा ढीग आहे. येणारा-जाणारा तिथं एक दगड टाकतो, मगच पुढे जातो. का, ते कोणी सांगत नाही. मी आयुष्यात कधी टाकला नाही. उलट त्या दिवशी गाडीचा स्टँड चिखलात रुतत होता, म्हणून ढिगातलाच एक चपटा दगड काढून खाली लावला!

एक ताडपत्री पांघरून पाऊण तास बसलो. आणि काय सांगू, या वेळी पाठांतर केलं. मोठ्यानं. "बंडू, चार दुकानं फिरलो बे. एकबी ताडपत्री नाही भेटली. माहं पुंजनं बी गेलं समज." आधी आवाजात आनंदच फार येत होता. पाचव्या खेपेला दुःख बरोबर बसलं.

गावाजवळ पोचलो तेव्हा पाच वाजत आलेले, पाऊस चालूच. शहाणा माणूस आधी आपलं धान झाकेल. मी दोन्ही ताडपत्र्या पळसाच्या झुडपात दडवल्या आणि आधी बंडूचा चेहरा बघायला धावलो!

बंडू आणि त्याची बायको ओसरीवर निवांत चहा पीत होते. मी दारातूनच सुरू केलं, "बंडू, चार दुकानं फिरलो बे..." शेवटपर्यंत. एक शब्द चुकला नाही.

बंडूचा कप हवेतच थांबला. त्याची बायको हळूच म्हणाली, "अजी, हे तर म्हनलेच होते, असा म्हनेल म्हनून."

"कोण म्हनलं?" मी विचारलं.

"तूच ना भाऊ," बंडू म्हणाला. "घंटाभर आधी आलास. दोघांनी मिळून माहं पुंजनं झाकलं. चहा पेलास. जाताना म्हनलास, मांगून एक येईल, चार दुकानं फिरलो म्हनेल, रडकं तोंड करेल... त्याचं खरं नोको मानजो."

मी शेताकडे पळालो. बंडूच्या पुंजण्यावर निळी ताडपत्री, चारी बाजूंनी ताणून बांधलेली. आत हात घातला — कोरडं ठणठणीत. शेजारी माझं पुंजणं उघडं, पेंढ्यांत गारा रुतलेल्या. झुडपाकडे गेलो. माझ्या दोन्ही ताडपत्र्या तिथंच.

चार दिवसांत माझ्या धानाला कोंब फुटले. माझी बायको त्या आधी येऊन गेलेल्या 'मी'वरच खवळली. "दुसऱ्याचं झाकून आला, चहा पेला, अन् आपल्या बांधीकडे ढुंकून नाही पाहिलं! भेटू दे मले एकडाव!"

मी मनाशी जुळवून टाकलं — ढिगातला दगड काढला, तिथंच तालीम केली, कोणीतरी ऐकलं आणि माझ्यावरच सूड उगवला. भीती वाटली, पण क्रम तरी लागत होता. जाऊन अकरा दगड टाकून आलो.

मग एक दिवस देवरीच्या त्या ताडपत्रीवाल्या दुकानदाराला सहज विचारलं, त्या दिवशी तशीच ताडपत्री अजून कोणी नेली का.

"अरे भैया, आप ही तो दस मिनट में लौट आए थे," तो म्हणाला. "बोले, जो पहले दो ले गया, वो किसी को देगा नहीं, एक और दे दो."

ताडपत्र्या घेतल्यावर दहा मिनिटांनी मी पेट्रोल पंपावर रांगेत उभा होतो. दगडांचा ढीग अजून कितीतरी लांब. ते खोटं तोवर माझ्या तोंडातून एकदाही बाहेर पडलं नव्हतं... फक्त डोक्यात होतं.

कोणाकडे उलगडा असेल तर सांगा, माझ्याकडे नाही. बंडूवरचा राग गेलाय असंही नाही, खोटं कशाला बोलू. पण आता मनातल्या मनातसुद्धा जपून रागावतो.