अव्वांचे शाकाहारी मासे

कोळंबीचा वास नखांतून जात नाही. बेसन लावा, लिंबू चोळा, चिंच चोळा, जात नाही. जन्मात अंडंसुद्धा न फोडलेल्या बाईनं हे सांगावं, यातच सगळं आलं.

माझ्या नवऱ्याला समुद्रातले मासे पाळायची हौस. तो कॉलेजात कारकून, घर सोलापुरात शुक्रवार पेठेत, नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांनी. तरी हा बैठकीच्या खोलीत ड्रमभर फिल्टरच्या पाण्यात पोत्यातलं मीठ कालवून समुद्र तयार करायचा. त्या मिठानं भिंतीला पोपडे आले, कपाटाच्या बिजागऱ्या गंजल्या. काचेच्या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी होती. नारिंगी अंग, पांढरे पट्टे, मादी थोराड आणि नर तिच्या निम्मा. देखणे होते, नाही कोण म्हणतं? त्याला त्यांची पिल्लं काढायची होती. सोलापुरात अजून कुणाला जमलं नाही, असं तो फोनवरच्या ग्रुपमध्ये सांगत सुटला होता.

पण जोडी अंडी घालेना. कोरड्या पावडरीवर ती नुसती जगत होती. अंडी हवी असतील तर कोळंबी खाऊ घाला, असं ग्रुपवाल्यांनी सांगितलं.

आमच्या घरात मांस-मच्छी उंबऱ्याच्या आत येत नाही. सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. लिंगपूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नाहीत. मी केम गावाहून लग्न करून आले, तेव्हा त्यांनी मला नैवेद्याला हात लावू दिला नव्हता. नऊ वर्षांनी, गुडघे गेल्यावर, एका सकाळी म्हणाल्या, "आजपास्न नैवेद्य तूच कर की." ते मी आईला फोन करून सांगितलं होतं, डोळे पुसत.

अशा बाईला यानं सांगितलं की मासे शाकाहारी आहेत. अव्वा लगेच शेजारणीला सांगून आल्या, "आमचं मासं लई सोवळं हाय. निस्तं शेवाळ खातंय."

कोळंबी तो स्कूटरच्या हँडलला तीन पिशव्यांत बांधून आणायचा आणि अव्वा दुपारी आडव्या झाल्या की गच्चीच्या जिन्यात ठेवून खाली पळायचा. सोलायची मी. का, तर त्याला मळमळतं. मलाही मळमळायचं, पण विचारतो कोण! कवच काढायचं, पाठीतला काळा धागा ओढून काढायचा. तो धागा म्हणजे तिचं आतडं आणि त्यातली घाण, हे ज्ञानही त्यानंच मला जिन्यातून दिलं. मग सगळं बारीक चिरून डब्यात भरायचं. डब्यावर त्यानं 'मेंदी' असं लिहून तो फ्रीजरमध्ये ठेवला होता. नंतर मी हात घासघासून खाली यायचे आणि त्याच हातांनी भाकरीचं पीठ मळायचे. अव्वा जवळून गेल्या की मी श्वास रोखायचे. शी, काय जिणं ते!

दोनेक महिन्यांत मादीनं टाकीतल्या मातीच्या कुंडीवर अंडी घातली. बारीक नारिंगी दाणेच दाणे. नर दिवसभर पंख हलवून त्यांना वारा घालत बसे. रविवारी, सहाव्या दिवशी, अंड्यांत चंदेरी डोळे दिसायला लागले. आता दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येणार म्हणून नवरा घरभर नाचत होता.

त्याच दिवशी सकाळपासून लाइट गेली. टाकीच्या पंपाला त्यानं बॅटरी जोडली. फ्रीजचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. डबा पाझरला तो थेट खालच्या दह्यात, आणि ते दही नैवेद्याचं. अव्वांनी भांडं नाकाशी नेलं, मग वरचा डबा काढून उघडला.

"ह्ये काय हाय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवरा म्हणाला, "अव्वा, देवाशपथ, मी हात न्हाय लावला. हीच कापती सगळं."

त्यात खोटं काहीच नव्हतं. अव्वांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "ह्याच हातानं नैवेद्य केलीस व्हय गं?"

मी हो म्हणाले. यांनीच करायला लावलं, असं मलाही म्हणता आलं असतं. पण ते त्यानं सांगावं म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिले. तो टाकीपुढे वाकून अंडी बघत होता. त्या क्षणी मला त्याची जेवढी किळस आली, तेवढी कोळंबीची कधीच आली नव्हती.

सोमवारी अव्वा तसले गुडघे घेऊन ओट्याशी उभ्या होत्या. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी कोळंबी सोलायची बंद केली. नवरा नाकाला रुमाल बांधून गच्चीवर गेला, एक सोलली न सोलली तोच ओकाऱ्या काढत खाली आला. माशांना त्यानं पावडर टाकली, ते तिकडे ढुंकून बघेनात. हा आपला तासातासाला काचेवर उजेड मारून अंडी बघतोय. मंगळवारी संध्याकाळी कॉलेजातून आला, तर कुंडी लख्ख. एक दाणा शिल्लक नव्हता, आणि नर-मादी निवांत फिरत होती.

"खाल्ली गं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "आपलीच अंडी आपणच खाल्ली. कसली जात ही, शी!"

आत अव्वा भाकरी थापत होत्या, मधेच थांबून गुडघा दाबत होत्या.

"त्यांना निदान भूक तरी लागली होती," मी म्हणाले.