आतल्या दाराचं तोरण

मागच्या फोनवर तुम्ही दोघांनी सांगितलंत, आजी, येताना दारातल्या मोगऱ्याची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आण. मी नाही म्हटलं आणि तुम्ही हिरमुसलात. कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या काकूचं शेडनेट तुम्ही अजून पाहिलेलं नाही. पेठ गावाच्या अलीकडे, नाशिक रस्त्यापासून जरा आत आहे. तिथे ती परदेशी पाठवायला शोभेची झाडं वाढवते, मुख्यतः क्रोटन. पाठवायच्या झाडाला मातीचा कणही लागलेला चालत नाही. म्हणून ती नारळाच्या भुशात वाढतात, कमरेइतक्या उंच लोखंडी टेबलांवर. जाळी इतकी बारीक की चिलटही आत शिरू नये. दारं दोन, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मधल्या जागेत चपला काढायच्या, पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे, पांढरा डगला चढवायचा. बाहेरचं पान, फूल, फळ काहीही आत नाही. कामाला येणाऱ्या बायकांना गजरासुद्धा काढून खिळ्याला अडकवावा लागे. एकदा माझ्या अंबाड्यात चाफा होता, तर तिने मलाही दारातून परत पाठवलं. "आई, फूल," एवढंच म्हणाली.

शेवटी सरकारी अधिकारी येतात, झाडं तपासतात आणि कीड-रोग नसल्याचा दाखला देतात. त्याशिवाय झाड विमानात चढत नाही. आणि तिकडे उतरल्यावर किडा सापडला तर सगळी खेप नष्ट करतात, नर्सरीचं नाव खराब होतं ते वेगळंच. काकूची ही पहिली खेप होती. ज्यांच्या फांद्यांपासून रोपं करायची ती मूळ झाडं तयार करण्यातच तिची काही वर्षं गेली होती.

मग दसरा आला. आपल्याकडे दसऱ्याला घराला तोरण असतं तसं गोठ्याला, पाण्याच्या मोटारीच्या खोलीला, ट्रॅक्टरलाही असतं. ज्याच्यावर पोट चालतं ते त्या दिवशी बोडकं ठेवत नाहीत. कामाच्या बायकांनी शेडनेटच्या बाहेरच्या दाराला झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. त्यांच्यात एक घाटघरची होती, पेठमध्ये खोली घेऊन राहणारी, तोंडाने फटकळ. तिचं समाधान होईना.

"वहिनी, ह्ये तर चपला काढायचं दार. लक्ष्मी आतल्या दारानं येती."

"आत नको गं. नियम आहे."

"नियम साहेबाला. देवीला कसला नियम? तिला बी डगला घालता का काय?"

सगळ्या खो खो हसल्या. काकूही हसली, आणि मग तिनेच स्टूल ओढलं. तोरण आतल्या दाराला लागलं. प्रत्येक टेबलावर आपट्याचं एकेक पान ठेवलं, झाडांनाही सोनं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळं उचलून बाहेर टाकलं. एका रात्रीत काय होतंय, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

दिवाळी झाली, थंडी पडली. एका सकाळी टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसली.

"पारगावच्या साखर कारखान्याची वाट चुकल्या जणू," घाटघरची म्हणाली.

काकू हसली नाही. रांगेच्या कडेने बोट नेत नेत ती एका क्रोटनपाशी थांबली. पानाच्या बेचक्यात कापसाच्या धाग्यासारखं काहीतरी होतं. पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस पितो आणि गोड चिकट पाणी सोडतो. त्या पाण्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. तो कुठून आला हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. पण ते टेबल आतल्या दाराला लागून होतं.

तिने ते टेबल रिकामं केलं, बाकीच्यांवर फवारणी केली. आम्ही बायका स्पिरिटच्या बोळ्याने पान न् पान पुसू लागलो. काल पुसलेल्या पानाच्या देठाशी आज पुन्हा पांढरं दिसे. रात्री काकू ताटातल्या भाताकडे नुसती बघत बसायची.

तपासणीच्या दिवशी एकही पांढरा ठिपका दिसत नव्हता. अधिकारी शांतपणे भिंग घेऊन फिरले. पानं पाहिली, मान डोलावली. मग मधल्याच एका टेबलावरची कुंडी उचलून त्यांनी झाड अलगद बाहेर काढलं. भुशाखाली, बुंध्याशी, पिठाची चिमूट पडावी तसं ते बसलेलं होतं.

"ताई, पानं छान पुसलीत तुम्ही," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

"यातली काही वाचतील?" काकूने विचारलं.

"मी तुमच्या जागी असतो तर एकही ठेवलं नसतं. मूळ झाडंसुद्धा. सगळं जाळा, जाळी धुवा, आजूबाजूचा परिसर स्वच्छ करा, मग नव्याने सुरुवात. ही कीड बाहेर कुठे राहिली, तर पुन्हा आत येणारच."

मागच्या बाजूला खड्डा खणला. ओली पानं धड जळेनात, नुसता धूर कोंडे. रस्त्याने जाणारे थांबत. "वहिनी, चांगली झाडं जाळता व्हय? आमाला द्या की!" काकू एकेकाला नाही म्हणत राहिली. राख होईपर्यंत ती खड्ड्यापासून हलली नाही.

नंतर तिने जाळी धुतली, टेबलं घासली, नवी निरोगी रोपं मागवली. रोपं यायच्या आधी घाटघरची तिची समजूत घालायला आली.

"वहिनी, जिवाला लावून घिऊ नका. समदं न्हाई जळालं. दोन मी वाचवली."

"काय वाचवलंस?"

"हिरवं झाड आगीत टाकायला माझा हात धजला न्हाई. पदराखाली न्हेली. एक मला, एक शेजारणीला. लई झ्याक आल्यात, बघा तरी!"

काकूने हातातला ब्रश खाली ठेवला. काकू आणि मी घाटघरचीच्या मागून तिच्या खोलीकडे निघालो. तिच्या दारात तेलाच्या डब्यात क्रोटन खरंच तरारून आलं होतं, पिवळंलाल. काकूने त्याला हातही लावला नाही. शेजारच्या जास्वंदीचं एक पान तिने उलटं केलं. मग पेरूचं. मग कुंपणावरून वाकून पलीकडच्या घराच्या सीताफळाचं. तिन्हींच्या देठाशी तेच कापसासारखं पांढरं होतं.

"काय वो वहिनी, काय दिसलं?" घाटघरची विचारत होती.

काकू सरळ उभी राहिली आणि अंगणं मोजावीत तशी एकेका घराकडे बघू लागली. प्रत्येक दारात काही ना काही हिरवं होतं. घरं संपत होती तिथे तिचं शेडनेट दिसत होतं, आणि वारा तिकडेच वाहत होता.