सात नंबरचे गमबूट

बूट चांगला निघाला हे सांगायला आपल्याकडे लोक एकच वाक्य वापरतात. पायात काही घातलंय असं वाटतच नाही. दुकानदार तर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्यात हेच वाक्य बांधतो. माझ्यासमोर कुणी हे बोललं की माझं डोकं फिरतं. बोलणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो, तो बिचारा नव्या सँडलचं कौतुक करत असतो, आणि मी मात्र त्याच्यावर उखडून बसते. नवरा म्हणतो, एकदा लिहून काढ म्हणजे तुझी ही सवय जाईल. जाईल असं मला वाटत नाही, पण लिहिते.

माझं माहेर शिरूर कासार तालुक्यातलं, डोंगराच्या कडेचं. लहानपणी आम्ही टँकरमागे घागरी घेऊन पळालेलो. त्या गावात चिखलासाठी वेगळं पायताण विकत घ्यायचं असतं, असं कुणी म्हटलं असतं तर लोक पोट धरून हसले असते. पण अलीकडे पावसाचं तंत्रच बिघडलं. एकदा लागला की दसरा झाला तरी हटत नाही. काळी माती अशी चिघळते की पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत, आणि उचलताना जमीन पाय सोडत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखायचे. पाऊस आहे म्हणून मेंढरं घरात बसून राहत नाहीत. आबांची टायरची चप्पल चिखलात रुतायची, पट्टा तुटायचा, मग ती हातात धरून हा माणूस अनवाणी चालायचा.

त्यात त्यांना शुगर होती. बीडच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं, अनवाणी अजिबात चालायचं नाही, बंद बूट घालायचा, कुठे चावणार नाही असा बघून घ्यायचा, आणि रोज संध्याकाळी आरशात तळपाय बघायचे. आबांनी मान डोलावली. डॉक्टरसमोर मान डोलवायला त्यांना कधीच कष्ट पडले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मेंढरामागं फिरनारा मानूस आरशात तळपाय बघत बसला तर मेंढरं काय म्हन्तील?" मीही हसले. आबा बोलायला लागले की हसू यायचंच.

दवाखान्यातून आम्ही सरळ बाजारात गेलो. पाइप, ताडपत्र्या, फवारणीचे पंप असं सगळं विकणारं एक दुकान होतं, तिथे दाराशीच गमबूट टांगलेले. दुकानदार आबांच्याच वयाचा. त्याने आठ नंबरचा जोड काढला. आबांनी पटका सावरला, पोत्यावर बसून बूट चढवले आणि दुकानात दोन फेऱ्या मारल्या.

"चावतो का मामा?" दुकानदाराने विचारलं.

"न्हाई. लई बेस हाय."

मी म्हटलं, नऊ बघा, जरा मोकळा बरा. नऊ घातला. तोही लई बेस. मग आबांनीच बोट दाखवून सात मागितला. सात घालताना त्यांना भिंत धरावी लागली, टाच आत जाईना, दुकानदाराने मागून ढकलला. मला वाटलं आता ओरडतील. आबा उठले, चालले, टाच आपटून बघितली.

"ह्योबी बेस हाय. कुटंच चावत न्हाई."

"मामा, सातबी बसतोय अन् नऊबी बसतोय? पाय हाय का रबर?" दुकानदार म्हणाला, आणि आम्ही तिघंही खळखळून हसलो.

सातच घ्यायचा, असा आबांचा हट्ट. त्यांचं म्हणणं, ढिला बूट चिखलात राहतो आणि माणूस पुढे जातो. बोलणं बरोबर होतं. चिखल त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. "न्या, पायात काही हाय असं वाटनार न्हाई," दुकानदाराने पिशवीत भरता भरता सांगितलं. आता माझ्या चुलत जावा मला विचारतात, तू तिथं होतीस ना, मग तुला कळलं नाही का? नाही कळलं. एखाद्याचा पाय दुखत नाही म्हटल्यावर त्याच्या लेकीला आनंद होतो. मला झाला. त्याचा दोष मी घेणार नाही, कुणी कितीही डोळे वटारले तरी.

गावात त्या बुटांचा बोलबाला झाला. पारावरची माणसं आबांना चिडवायची, "का रं, इंजिनेर झालास का?" आणि आबा मुद्दाम डबक्यातून चालत जायचे. माय फोनवर तक्रार करायची की म्हातारा लहान लेकरागत चिखल तुडवतोय. मायचा सूर तक्रारीचा होता, पण ती खूश होती. मी आबांना विचारायची, बूट चावत नाहीत ना?

"आगं बाई, पायात हायेत का न्हाई त्येच कळत न्हाई," आबा म्हणायचे.

मला वाटायचं, कौतुक करतायत. ते कौतुकच करत होते. फक्त ते जे बोलत होते ते अक्षरशः खरं होतं. शुगरने त्यांचे तळपाय कधीचे बधिर केले होते, आणि कुठे दुखत नाही याला ते आपली तब्येत समजत होते.

महालक्ष्म्या उठल्या आणि मी माहेरी गेले. दारात पाय ठेवला तोच घाण वास आला. माय म्हणाली, उंदीर मेलाय कुठंतरी, सापडंना झालाय. दोघींनी पदर खोचले. ज्वारीची पोती हलवली, कणगीमागे हात घातला, मांडणीवरची भांडी उतरवली. उंदीर काही सापडला नाही. वास जरा कमी झाला म्हणून आम्ही चहा ठेवला. तेवढ्यात आबा मेंढरं कोंडून आले.

कोंडताना ते रोज प्रत्येक मेंढरावर नजर टाकायचे. पावसात मेंढरांची खुरं सडतात, काटा मोडतो. एखादं जरा जरी लंगडलं तरी आबांना मेंढरांच्या वाड्याच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं. मग त्याला उलटं पाडून, पाय मांडीवर घेऊन काटा काढायचे, हळद भरायचे. त्या दिवशीही ते एका मेंढीचा काटा काढून आले होते, आणि मला तेच सांगत माझ्याशेजारी बसले. वास पुन्हा आला. माझं आणि मायचं एकाच वेळी त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं.

"बूट काढा," मी म्हटलं.

डावा निघाला. उजवा निघेना. मायने दोन्ही हातांनी धरून ओढला तेव्हा तो सुटला आणि माय मागे पडली. तिने पडल्या पडल्या पदर नाकाला लावला. बाभळीचा काटा बुटाचा तळ फोडून आत आला होता आणि अंगठ्याखाली मोडून तिथेच राहिला होता. अंगठा काळा पडला होता. पुढचं मी लिहीत नाही, ते बघून मायला जेवण जाईना झालं होतं, वाचणाऱ्याने कशाला बघावं. किती दिवस झाले होते कोण जाणे, पावसाळाभर ते रात्रीही मेंढरांजवळच, बूट न काढता झोपत होते. आबा त्या काट्यावर रोज सगळं रान फिरून येत होते. मेंढी लंगडते. आबा लंगडले नव्हते. दुखेल तर माणूस लंगडेल ना.

ते वाकून बघत होते. दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तसे.

"कवा घुसला बरं ह्यो?" त्यांनी मला विचारलं. मग मेंढरांच्या खुरांसाठी कमरेला असायचा तो चाकू काढला आणि पाय मांडीवर घेतला. मी किंचाळून तो हिसकावला. बापाच्या हातातून मी आयुष्यात पहिल्यांदा काही हिसकावलं असेल. आबा रागावले नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघितला, मांडीपर्यंत हात फिरवून कुठवर गरम आहे ते बघितलं. मग आबांना डोळे मिटायला सांगितलं आणि हातात एक बोथट सुई घेतली. "टोचलं की हो म्हणायचं," ते म्हणाले. सुई टाचेला लागली. आबा गप्प. पावलाच्या मधोमध लागली. आबा गप्पच. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. खोलीतली शांतता आबांना कळली असावी. ते घाईघाईने म्हणाले, "हां, टोचलं." थोड्या वेळाने पुन्हा, "हां." मग परत, "टोचलं की, टोचतंय, लई टोचतंय."

डॉक्टरांनी सुई केव्हाच ट्रेमध्ये ठेवली होती.

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मला त्यांचा राग आला होता, इतका की खांदे धरून हलवावंसं वाटलं. खोटं कशाला बोलता? पण ते पाय वाचवायला बघत होते आणि त्यांच्या हातात तेवढंच होतं. डोळे अजून मिटलेले, आणि चेहऱ्यावर पाठ केलेलं उत्तर बरोबर आलं असावं अशी आशा. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी आबांना काही न बोलता मला आणि मायला बाहेर नेलं आणि सांगितलं की जीव वाचवायचा तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, उद्यावर टाकू नका. सही मायने अंगठ्याने केली. ती एकच प्रश्न विचारत होती, मेंढरामागं जाता येईल का? डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. तिने पुन्हा तेच विचारलं.

मेंढरं चुलत्याच्या मेंढरांत गेली. आबांना घरी आणलं तेव्हा वाडा रिकामा होता. त्यांनी तिकडे बघितलं नाही. खाटेवर पडल्या पडल्या छताकडे बघायचे. विचारलं तर बोलायचे, नाहीतर नाही. हसवणारा माणूस असा गप्प झाला की घरातल्यांनाही बोलायची लाज वाटते.

एका दुपारी मी आणि माय शेंगा फोडत बसलो होतो. आबा अचानक कण्हले. माय उठली.

"काय व्हतंय?"

"उजवा पाय ठनकतोय. अंगठा."

मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. डॉक्टरांनी हेही सांगून ठेवलं होतं, कापलेला पाय कधी कधी दुखतो, पण ते ऐकताना मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. इतकी वर्षं त्या पायाला काही कळत नव्हतं. काटा कळला नाही, सुई कळली नाही. आता पाय नव्हता आणि तो दुखत होता. आबा दात आवळून रडत होते. मी त्यांना कधी रडताना बघितलेलं नव्हतं. मी गोळ्या शोधायला उठले. समजावूनही सांगत होते की आबा, तिथं आता काही नाही, तुम्हाला नुसता भास होतोय.

"तू गप," माय मला म्हणाली. ती खाटेच्या पायथ्याशी बसली. गुडघ्याखाली घोंगडी सपाट पडली होती. जिथे पाऊल असतं तिथे तिने दोन्ही हात ठेवले आणि घोंगडी दाबायला लागली. हळूहळू, अंगठ्याने जोर देत, पाय चेपतात तशी.

आबांचं कण्हणं थांबलं.

"जरा खाली," ते म्हणाले.

माय खाली सरकली.