अमरावतीवाले इथंच उतरा

बडनेरा जंक्शनवर सकाळी पुण्याकडची गाडी लागली की दोन आवाज ऐकू येतात. एक भोंग्यातला, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. दुसरा दीपमालाचा. "अमरावतीवाले, चिखलदऱ्यावाले, इथंच उतरा! पुढं अमरावती नाही जी!" असं ओरडत ती डब्यांच्या कडेनं धावते. नवख्याला वाटतं, या बाईचं काहीतरी हरवलंय. हरवलेलं नाही, पण एकदा हरवता हरवता राहिलं होतं.

दीपमाला चांदूर बाजारची. एका जागी बसणं तिला जमतच नाही. नवरा नितेश सतरा वर्षं बडनेऱ्याहून चिखलदऱ्याला जीपनं प्रवासी नेत होता. त्याची नजर अधू झाली आणि जीप दारच्या निंबाखाली उभी राहिली. ती उभी जीप बघून हिचा जीव कासावीस व्हायचा. बाजार नसेल त्या दिवशी बाजाराच्या मैदानात ती गाडी शिकली, परवाना काढला, नितेशला शेजारी बसवून चिखलदऱ्याचा घाट चढउतार केला. वळण आलं की तो इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा, "आता दुसरा गिअर टाक."

पण घाट चढता आला म्हणून ठेसनाबाहेरच्या जीप-स्टँडवर पाळीचा नंबर लागत नाही, आणि नंबर नसेल तर गाडीतून उतरणारा पर्यटक तुमच्या जीपकडे फिरकतही नाही. नितेशचा नंबर जीप उभी राहिली तेव्हाच गेला होता. स्टँडवर शब्द चालतो भगवंतरावांचा. ते म्हणाले, "बाई, तुमी घाटात गाडी चालवून राहिल्या, आमाले काही तकलीफ नाही. पण पयली पार्टी तुमची तुमी आणा. तीन दिवस फिरवून आणल्यावर थे पार्टी मले चांगलं म्हणाली, तं नंबर लावतो. नाही तं नाही."

पार्टी मिळाली. पुण्याचे दातार आजी-आजोबा, कुणाच्या तरी ओळखीतून. फोनवर आजी म्हणाल्या, "मला घाटाची फार भीती वाटते हो."

"घाबरता कायले? मी हाये न जी!" दीपमाला म्हणाली.

"आणि उतरायचं कुठं?"

"अमरावतीले उतरा. मी ठेसनावरच हाये."

इथंच माशी शिंकली. आमच्याकडचा माणूस बडनेऱ्याला उतरतो आणि घरी फोन करतो, अमरावतीला पोचलो. नागपूरकडे जाणाऱ्या मोठ्या गाड्या अमरावती शहरात शिरत नाहीत, बडनेऱ्याहूनच पुढं निघून जातात. आम्हाला बडनेरा हेच अमरावतीचं ठेसन. पुण्याच्या माणसाला हे कसं कळावं? तिकीट त्यांच्या मुलानं मोबाइलवर काढलेलं. आजोबांनी ते नीट पाहिलंच नव्हतं, ते दीपमालाच्या शब्दावर निघाले होते.

त्या दिवशी गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. दीपमालानं तेवढ्यात तीन चहा घेतले आणि फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या मारल्या, देव जाणे. पुण्याच्या लोकांशी शुद्ध बोल, असं नितेशनं बजावलं होतं. म्हणून ती चालता चालता घोकत होती, "नमस्कार. आपला प्रवास सुखाचा झाला ना?" तेवढ्यात भोंगा बोलला: गाडी लवकरच बडनेरा स्थानकावर येत आहे.

बडनेरा. दीपमाला चालता चालता थांबली. आपण काय सांगून बसलो ते तिला त्या क्षणी कळलं. तिनं फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. इंजिन समोरून धडधडत गेलं. गाडी थांबणार दोन मिनिटं, आणि डबा माहीत होता, एस-चार. ती धावत सुटली.

डब्यात चढून पाहते तर खिडकीशी दोघं निवांत बसलेले. आजोबा शेंगा सोलत होते.

"नमस्कार. आपण कृपया इथेच उतरावे," दीपमाला धापा टाकत म्हणाली.

आजोबांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "आम्हाला अमरावतीला उतरायचंय. बाहेर पाटीवर बडनेरा लिहिलंय, मला वाचता येतं."

"हेच अमरावती आहे. म्हणजे, अमरावतीसाठी हेच..."

"बाई, दलाली दुसरीकडे करा. आमची ड्रायव्हर अमरावतीला उभी आहे. तिनं स्वतः सांगितलंय."

"ती ड्रायव्हर मीच आहे. माझे नाव दीपमाला आहे."

"फोनवर ती असं बोलत नव्हती," आजोबा म्हणाले आणि पुढची शेंग फोडली.

इंजिनानं शिट्टी दिली. डब्याला हिसका बसला आणि दीपमालाची घोकलेली सगळी शुद्ध मराठी तिथंच सांडली. "अजी, उतरा न! कायले बसून राहिले? माही चूक झाली, मी अमरावती म्हणून बसली! पुढं नाही जी अमरावती! घाबरता कायले, मी हाये न!"

आजी झटकन उठल्या. "अहो, हीच ती! हाच आवाज. चला!"

एक पिशवी आजोबांनी, दोन दीपमालानं, आणि आजींना तिनं जवळजवळ उचलूनच खाली घेतलं. गाडी सुटली. त्याच डब्याच्या दुसऱ्या दारातून आणखी एक कुटुंब घाईघाईनं उतरलं होतं. तिचा आरडाओरडा ऐकून त्यांना कळलं होतं की त्यांचीही अमरावती हीच.

तीन दिवसांनी तिनं दातारांना परत बडनेऱ्याला आणलं. भगवंतराव समोर येऊन उभे राहिले. "काय तक्रार, साहेब?"

"आहे ना," आजोबा म्हणाले. "ही बाई अमरावती सांगते आणि बडनेऱ्याला ओढून उतरवते. पण घाटात माझी बायको झोपली हो. घरच्या गाडीत ती कधी डोळा मिटत नाही."

नंबर लागला. अकरावा.

पण खरं सांगायचं तर त्या नंबरचा तिला फारसा उपयोग नाही. पाळी येते तेव्हा बाई जीपजवळ नसते, फलाटावर ओरडत असते. खिडकीत बसलेला प्रत्येक म्हातारा तिला शेंगा सोलत पुढं निघालेला वाटतो. परवा मी तिथंच होतो. भगवंतराव ठेसनाच्या दारातून ओरडले, "अवो बाई, तुमची पाळी गेली न!"

"जाऊ द्या न जी," दीपमाला धावता धावता म्हणाली. "अजून चार डबे बाकी हायेत."