पांढऱ्या धोतरावरची गाडी

महिपत उतेकर गाडीखाली शिरण्यापूर्वी तिच्या चाकाला हात लावी आणि तो हात कपाळाला टेकवी. मुंबईत डॉक्टर वागळ्यांकडे चालक म्हणून राहिला, तेव्हापासूनचा हा नेम. गाडीही तशीच होती. विलायती बनावटीची, दोनच माणसांची, छप्पर नसलेली, लांब नाकाची, जमिनीलगत धावणारी. रंग गर्द हिरवा, भर श्रावणातल्या डोंगरासारखा, म्हणून महिपत तिला हिरवीच म्हणे. डॉक्टरांनी उतारवयात तिची कागदपत्रे महिपतच्या नावावर केली आणि म्हणाले, "हिला शोभेला ठेवू नकोस. चालव."

गुरूने कानात मंत्र सांगावा आणि शिष्याने तो जन्मभर जपावा, तसा तो एक शब्द महिपतने जपला. चालव! गावाकडे परतल्यावर त्याने महाडात भाड्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकले. औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या मोटरसायकली दुरुस्त करून तो पोट भरी आणि काम आटोपले की हात धुऊन हिरवीच्या सेवेला बसे. चाकांची एकेक तार पुसावी, सांध्यासांध्याला ग्रीस भरावे, कार्बोरेटर खोलून फुंकर घालावी, पुन्हा बसवावा. रविवारी वीर स्टेशनपर्यंत फेरी. तिथले रिक्षावाले लांबूनच ओरडत, "काका, आमच्या पोटावर पाय देता काय? शीट भरायला आलाव?" महिपत हसे. "दोघांची गाडी हाय रे. एक मी, दुसरा देव. तिसऱ्याला जागा नाय."

पण या लाडक्या हिरवीला एक व्याधी जडली होती. ती तेल गाळायची. जिथे उभी राहील तिथे काळा डाग. महिपतने पुढचे सील बदलले, तर तेल मागून येऊ लागले. मागचे बदलले, तर खालच्या चेंबरच्या कडेने पाझरले. चेंबरचे पॅकिंग नवे घातले, तर वरच्या झाकणाखालून ओघळ आला. एक दार लावावे आणि दुसरे उघडावे, असा तो खेळ काही वर्षे चालला. विलायती म्हातारी आहे, गळायचीच, असे लोक म्हणत. महिपत ऐकून घेई आणि पुन्हा पाना हातात घेई.

यंदा मात्र शेड सोडायची वेळ आली. शेडच्या मालकाला तिथे इमारत उभारायची होती आणि पावसाच्या आत जागा रिकामी हवी होती. महाडात दुसरी जागा मिळेना. तेवढ्यात पुण्याचा एक हॉटेलवाला गाडी बघून गेला. हॉटेलच्या दारात, कुंड्यांच्या मध्ये, त्याला ती मांडून ठेवायची होती. जाताजाता म्हणाला, "इंजिन काढून ठेवलंत तरी चालेल. वजन कमी होईल."

इंजिन काढून! देहातून प्राण काढावा आणि देह दारात सजवून ठेवावा! महिपतला त्या दिवशी घास गोड लागला नाही.

आता ठिकाण एकच उरले होते. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत, त्याची जन्माची उंबरवाडी. पण उंबरवाडीत गाडी उभी राहील एवढी सपाट जागा म्हणजे ग्रामदेवीच्या देवळापुढचे अंगण. आणि त्या अंगणाच्या अगदी खाली वाडीचा झरा. त्याच पाण्यावर वाडी जगते, त्याच पाण्याने देवीला न्हाऊ घालते.

गावकी बसली. गावकीचा म्होरक्या सोमादादा बोलला, "महिपत, गाडी तुझी, अंगण देवीचं, पण पाणी सगळ्यांचं हाय. तुझ्या गाडीचं तेल मुरत मुरत खाली गेलं, तर आमी प्यायचं काय?"

झऱ्याला लागून घर असलेली येसूबाई, महिपतची चुलत वहिनी, मागून म्हणाली, "प्यायचं ऱ्हाऊ द्या. भावजी, फोडणी तरी देता येईल काय वो त्या तेलाची?"

सगळी गावकी खदखदून हसली. महिपतही हसला, पण जागचा हलला नाही. शेवटी ठरले ते असे: गाडी वाडीवर चढवून आणायची. सकाळच्या पूजेपासून दिवेलागणीपर्यंत ती अंगणात, चाकांच्या मध्ये अंथरलेल्या पांढऱ्या धोतरावर उभी करायची. धोतर कोरे राहिले, तर गाडी राहील. डाग पडला, तर दुसऱ्या दिवशी ती वाडीतून जाईल. येसूबाईने नवऱ्याच्या मागे जपून ठेवलेले धोतर देऊ केले. "डाग पडला तर धुवायचं तुमीच हां, भावजी."

महिपतने साखळीने इंजिन उचलून बाहेर काढले. एकूणएक सील नवे घातले, पॅकिंग हाताने कापले, समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत नेले, जशी पखवाजाची वादी ताणावी तसे. मग एके पहाटे उन्हाळ्याच्या ऐन मध्यात हिरवी निघाली. सावित्री नदीच्या कडेने पोलादपूर, पोलादपुराहून डोंगराची वळणे. चढावर इंजिन गाऊ लागले आणि महिपतच्या ओठांवर आपोआप नाम आले. पूजेच्या वेळी ती अंगणात धोतरावर उभी होती.

दिवेलागणीला सोमादादाने वाकून धोतर ओढले. मधोमध काळा डाग होता, तळहाताएवढा.

कोणी हसले नाही. येसूबाईसुद्धा नाही. "उद्या सकाळी ने," सोमादादा हळूच म्हणाला. महिपतने गाडीखाली पत्रा सरकवला, धोतराची घडी घातली आणि तो देवळात भजनाला जाऊन खांबाशी बसला. पुण्याचा माणूस डोळ्यांपुढून हलेना. कुंड्या, दार, आणि पोट रिकामे झालेली हिरवी.

पेटीवर अनिल होता, येसूबाईचा मुलगा, सुट्टीला मुंबईहून आलेला. त्याने भाता मारायला घेतला. सूर उमटेना. जोराने मारला, तर पेटीच्या सांध्यासांध्यांतून हवा फुसफुसू लागली. मागून, बाजूने, तळातून.

"गेली पेटी! पूरी लीक हो गयी," अनिल म्हणाला. "उद्या मुंबईला नेऊन पॅक करून आणतो."

"लीक नाय रे, बाबा," पखवाजवाला म्हणाला. "समोरच्या खुंट्या ओढायला इसारलास. हवेनं जायचं कुठनं?"

अनिलने जीभ चावली आणि खुंट्या ओढल्या. फुसफुस थांबली आणि काळी चारचा सूर देवळात भरून राहिला.

आणि खांबाशी बसलेला महिपत ताठ झाला. सांधे दोषी नव्हते! हवेला वाट नव्हती, म्हणून ती सांध्यांवर धडका देत होती. इंजिनाच्या पोटातही वाफ धरते. ती बाहेर जावी म्हणून बाजूला एक नळी असते, ब्रीदर. ते इंजिनाचे नाक. ते नाक चोंदले, तर आतली वाफ तेलाला ढकलणार आणि तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर पडणार. तो वर्षानुवर्षे सांधे बुजवत बसला होता. नाकाच्या आत त्याने पाहिलेच नव्हते.

उजाडताच त्याने इंजिन न चालवता गाडी उतारावरून घरंगळत खाली, झऱ्यापासून दूर, रस्त्याच्या वळणावर नेली. नळीचे तोंड त्याने आजवर कितीदा पुसले होते. आज नळीच काढली. आतल्या वाकणात तार घातली आणि ओढली. तेलाने काळाकुट्ट झालेला, दगडासारखा घट्ट बसलेला कापडाचा बोळा हातात आला. उलगडून पाहिला, तर आत तांबडा काठ. त्याचाच जुना पंचा!

महाडला महापूर आला तेव्हा शेडमध्ये पाणी शिरायच्या आत त्याने हिरवीची सारी तोंडे पंचा फाडून, ग्रीस माखून बंद केली होती. ही नळी तर काठीने ठासून. पाणी ओसरल्यावर बोळे काढले. हा आतच राहिला. ज्या हातांनी तिला बुडू दिले नाही, त्याच हातांनी तिचा श्वास कोंडला होता. महिपत एकटाच मोठ्याने हसला. मग त्याने बोळा बाजूला ठेवला. आणि कामाला लागला.

त्याने नळी धुतली, बसवली, गाडीचा तळ पुसून कोरडा केला आणि तो बोळा घेऊन थेट सोमादादाच्या अंगणात गेला. "दादा, आणखी एक दिवस दे."

"गावकीचा शब्द एकदाच असतो, महिपत."

"शब्द तोच ठेव. डाग पडला तर पुण्याच्या माणसाला मी सोता फोन करतो, तुमच्यासमोर." त्याने बोळा पुढे धरला आणि सगळी हकिकत सांगितली.

सोमादादाने बोळा हातात घेऊन बघितला. झऱ्यावरून येणारी येसूबाई कळशी टेकवून पुढे आली. तिने सगळे ऐकले होते. "म्हंजे औषध देणाऱ्यानंच नाक दाबलं होतं म्हणा की! धोतर माझं हाय, सोमादादा. धुवून वाळत घातलंय. मी पुन्यांदा अंथरणार. कोण आडवतं बघू."

"नुसती उभी ठेवून चालायचं नाय," सोमादादा म्हणाला. "खाली पोलादपूरला जा, परत चढव, गरम असतानाच धोतरावर आण."

"ह्याच पावली जातो," महिपत म्हणाला.

गेला आणि आला. हिरवी आज वेगळी गात होती, छातीवरचे ओझे उतरलेल्या माणसासारखी, मोकळी. येसूबाईने धोतराची चारी टोके दगडांनी दाबली. दिवसभर वाडी कामात होती, पण ज्याची वाट देवळावरून जाई तो वाकून बघून जाई. महिपत पायरीवर बसून होता. त्याने पाणी घेतले नाही, जप सोडला नाही.

दिवा लागला. सोमादादा गुडघ्यांवर बसला. त्याने धोतर ओढले, उजेडात धरले, पालथे केले, हात फिरवला. जुना डाग फिकट करडा उरला होता. नवा काही नव्हता.

"आज नाय," तो म्हणाला. "उद्याचं काय?"

"उद्या पुन्हा अंथरीन," महिपत म्हणाला. "परवा पुन्हा. गाडी हितं उभी हाय तवर रोज. ज्या दिवशी थेंब पडेल, त्या दिवशी मी सोता खाली नेईन. दुरुस्त होईतो वर आणणार नाय."

सोमादादाने गावकीकडे पाहिले. कोणी नाही म्हटले नाही.

"माझं धोतर रोज नाय मिळायचं हां, भावजी," येसूबाई घडी घालत म्हणाली. "आपलं आणा."

दुसऱ्या दिवशी उजाडायला महिपतने ट्रंकेतून स्वतःचे लग्नातले धोतर काढले. ते गाडीखाली नीट ताणून अंथरले, कडेला दगड ठेवले. मग घरातून कळशी आणली आणि झऱ्यावर पाणी भरणाऱ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.