खंडेनवमीला उघडलेले व्हॉल्व्ह

"उरल्याच्या कारखान्यांत लोखंडी सळ्या बनतात, पोरी, कोणाचे श्वास नाही बनत," असं ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या एकूण एक नातेवाइकानं मले ऐकवलं होतं. ऐकवू दे. मी त्याच उरल्यात व्हेंटिलेटरचे व्हॉल्व्ह बनवते. पेशंटनं सोडलेला श्वास ज्या वाटेनं बाहेर पडतो, तिथं बसणारा हा छोटासा पार्ट. आत रबराचा पातळ पडदा. मशीन हवा भरते तेव्हा त्यानं घट्ट बंद व्हायचं, श्वास सोडताना उघडायचं. काम एवढंच, पण त्यात चुकलं की खेळ खल्लास.

मागच्या वर्षी एका दवाखान्याची पहिली ऑर्डर आली. नवजात बाळांच्या वार्डात या पार्टविना मशीन नुसत्या उभ्या होत्या. दसऱ्याच्या सकाळी माल पोहोचवायचा होता. नवमीला कारखान्यातल्या पोरींले सुट्टी दिली, तपासलेले व्हॉल्व्ह ट्रेमध्ये मांडले, वर स्वच्छ कापड टाकलं अन् मी पॅकिंगच्या थैल्या आणायले गेले.

परत येते तर काय! रेल्वेतून रिटायर झालेले माझे बाबा हात जोडून उभे. खंडेनवमी ना! कापड बाजूला, अन् चिमटे, पेचकस, टेस्टिंगची मशीन, सगळ्यांवर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. व्हॉल्व्हवर तर हात जरा जास्तच सढळ सुटला होता.

"बाबा! हे काय केलं तुम्ही?"

"काहून वं? पहिली ऑर्डर हाय. देवाचा हात नको?"

"देवाचा हात असू द्या, कुंकू नको! बाळाच्या नळीत जाईल ते."

"फुंकर मार, उडते."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. झेंडू बाजूला सारून मी चिमटा उचलला. बाबा ओरडलेच, "ठेव! पूजेतल्या हत्याराले आज हात लावत नाहीत. उद्या पूजा उचलली की कर."

"उद्या सकाळी ते वार्डात पायजेत. देव रागावला तर मी पाहून घेईन त्याले."

"लई शिकली तू," म्हणाले अन् फाटकापाशी खुर्ची टाकून माझ्याकडे पाठ करून बसले. बसा म्हटलं. एरवी मी मनधरणी केली असती. त्या दिवशी नाही केली.

आता एकेक व्हॉल्व्ह उघडायचा, धुवायचा, वाळवायचा, पुन्हा तपासायचा. पण त्याआधी एक मी मुद्दाम तसाच टेस्टिंगले लावला.

"बाबा, इकडे या. या म्हणते ना!"

आले, तोंड फुगवून. मशीनले एक रबरी पिशवी जोडलेली असते, लिंबाएवढी. तेच बाळाचं फुप्फुस समजा. मशीननं हवा भरली. पिशवी अर्धी फुगली अन् थांबली. पुन्हा भरली, पुन्हा अर्धीच. बाकीची हवा व्हॉल्व्हमधून फुस्स निघून चालली होती. मी व्हॉल्व्ह खोलून पडदा उचलला. खाली अक्षतेची एक लाल कणी अडकली होती.

"हे माझ्यानं झालं?" बाबांनी विचारलं.

"हव," मी म्हटलं. गोड बोलायची माझी इच्छाच नव्हती.

ते त्या अर्ध्या पिशवीकडे पाहतच राहिले. मग चपला काढल्या, कोपरापर्यंत हात धुतले, डोक्यावर आम्ही कामाच्या वेळी घालतो ती कागदी टोपी चढवली अन् पूजेतला दुसरा चिमटा उचलला.

"पाप लागलं तर दोघांले लागू दे," म्हणाले. "दाखव, कसा उघडायचा."

मी अजून चिडलेलीच होते. ट्रे त्यांच्याकडे सरकवला.